शेजारच्या आजोबांचा बर्फ: ब्रिटनच्या जुन्या हिवाळ्यांची शहानिशा आणि बागेतली आपली नोंद

प्रश्न असा आहे: “दोन वर्षांपूर्वी डर्बीशरमध्ये राहायला आलो. शेजारचे आजी-आजोबा ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या गप्पांत तीन गोष्टी हमखास येतात: बर्फ खिडकीला टेकला होता, महिनोन् महिने हटला नव्हता, आणि एकदा चक्क जूनमध्ये पडला होता. यातले खरे किती? या आठवणी लिहून ठेवायच्या तर साल कसे पक्के करायचे? आणि मला बागेत स्वतःची नोंद सुरू करायची असेल तर बर्फ नेमका मोजतात कसा?”

तिन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, पण एकाच वर्षी नव्हे. खिडकीला टेकलेला बर्फ बहुधा १९४७चा, हटायला तयार नसलेला १९६३चा आणि जूनमधला १९७५चा. आठवणीत जागा, त्या दिवशीचे काम आणि झालेले हाल पक्के राहतात. साल, तारीख आणि खोली मात्र निसटते. म्हणून “किती पडला होता?” हा प्रश्न आधी विचारूच नका. “वीज होती का? शाळा होती का? वितळल्यावर पूर आला का?” असे विचारा. साल त्या उत्तरांतून निघते.

त्याआधी वयाचा हिशेब मांडा. आज बयाऐंशी वर्षांचे आजोबा १९४७ साली तीन-चार वर्षांचे होते. त्या वयाची आठवण बरीचशी आई-वडिलांकडून ऐकलेली असते, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या खिडकीची उंची ती केवढी! १९६३ला मात्र ते विशीत होते. तेव्हाचे कामावर चालत जाणे, फुटलेला नळ, गोठलेले दूध ही त्यांची स्वतःची साक्ष. दोन्ही लिहा, पण “पाहिलेले” आणि “ऐकलेले” असे वेगवेगळे लिहा.

आता १९४७. त्या हिवाळ्याची सुरुवात फसवी होती. जानेवारीच्या मध्यावर इंग्लंडमध्ये काही ठिकाणी पारा १४ अंशांपर्यंत गेला होता. मग स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले आणि पूर्वेचा वारा सुरू झाला. २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडला. फेब्रुवारीत मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान उणे १.९ होते, १६५९पासूनच्या मालिकेत याहून थंड फेब्रुवारी नाही. तरी लोकांना जास्त जाणवला तो अंधार. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या दिवसांत सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही. उत्तर समुद्रावरून येणारा ढगांचा जाड थर दिवसभर डोक्यावर होता.

त्यात कोळसा अडकला. खाणींचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारीला नुकतेच झाले होते, साठा आधीच तुटपुंजा होता, आणि वॅगनी बर्फात रुतल्या. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी ७ फेब्रुवारीला वीजकपात जाहीर केली. कारखाने बंद पडले, घरगुती वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद. आपल्याला जवळची वाटावी अशी तारीखही याच आठवड्यांतली आहे. जून १९४८च्या आत भारताची सत्ता सोपवण्याची घोषणा ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ला केली, ती असल्याच गारठ्यात आणि काळोखात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांत मोठे वादळ आले. उत्तर वेल्समध्ये रुथिनजवळ त्या महिन्यात १६५ सेंटिमीटर सपाट खोली नोंदली गेली. वस्तीच्या जागेतली ही ब्रिटनमधली सर्वांत मोठी नोंद मानतात. वाऱ्याने साचवलेले ढीग पाच मीटरांहून उंच होते. १० मार्चनंतर ऊब आली, वर पाऊस पडला, आणि खालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली. पाणी मुरायला वाव नसल्याने सगळे नद्यांत गेले आणि ट्रेंट, टेम्स, सेव्हर्न व पूर्वेच्या फेन या सखल भागात महापूर आला. तेव्हा तुमचे आजोबा “मेणबत्त्या” आणि “नंतर पूर” हे दोन शब्द बोलले की निःशंकपणे १९४७ लिहा.

१९६३ची खूण वेगळी. बर्फ १९६२च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला सुरू झाला. २९-३० तारखेला नैर्ऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये हिमवादळ झाले, काही ठिकाणी सहा मीटरांपर्यंत ढीग साचले. पुढचे दोन महिने नवा बर्फ मधूनमधूनच पडला. आधीचा मात्र वितळेना. जानेवारीचे सरासरी तापमान उणे २.१, फेब्रुवारीचे उणे ०.७, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी मिळून उणे ०.३. १७४०नंतर एवढा थंड हिवाळा झालेला नाही. केंटमध्ये हर्न बे इथे किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर समुद्र गोठला. फुटबॉलच्या एफए कपची तिसरी फेरी संपायला ६६ दिवस लागले. रद्द होणाऱ्या सामन्यांचे निकाल अंदाजाने ठरवणारे ‘पूल्स पॅनेल’ त्याच जानेवारीत जन्माला आले, कारण पैज लावणाऱ्यांचा धंदा थांबून चालणार नव्हते. ब्रिटनमध्ये कुठेही पारा गोठणबिंदूखाली न गेलेली वर्षातली पहिली सकाळ ६ मार्चला उजाडली. बर्फ हळूहळू गेला, त्यामुळे १९४७सारखा पूर आला नाही.

इथे एक गंमत आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीची सरासरी काढली तर १९४७चा हिवाळा १.१ अंशांवर येतो, आणि अतिथंड हिवाळ्यांच्या यादीत बराच खाली जातो. कारण डिसेंबर व अर्धा जानेवारी बरा गेला होता, आणि मार्च त्या सरासरीत धरतच नाहीत. थंडीत १९६३ वरचढ, बर्फात १९४७. “सर्वांत वाईट हिवाळा कोणता” यावर दोन म्हातारी माणसे भांडत असतील तर बहुधा दोघेही बरोबर असतात.

ही सरासरी ज्या मालिकेतून येते ती ‘सेंट्रल इंग्लंड टेम्परेचर’, थोडक्यात सीईटी. लँकशर, लंडन आणि ब्रिस्टल यांच्यामधल्या साधारण त्रिकोणी पट्ट्याचे ते तापमान. गॉर्डन मॅन्ले या भूगोलाच्या अभ्यासकाने जुन्या डायऱ्या आणि वेधशाळांच्या नोंदी जुळवून ती मालिका बांधली: मासिक आकडे १६५९पासून, दैनिक १७७२पासून. ती ब्रिटनच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आजोबांनी महिना सांगितला की आधी इथे बघायचे. मात्र सीईटी थंडी सांगते, बर्फ नाही. कोरड्या थंडीत सरासरी उणे असूनही जमीन काळीच राहू शकते.

जूनचा बर्फ शोधायला सोपा, कारण त्याला क्रिकेटने तारीख दिली आहे. २ जून १९७५, सोमवार. तुमच्याच डर्बीशरमधल्या बक्स्टनला डर्बीशर विरुद्ध लँकशर हा सामना चालू होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ केल्या होत्या. सोमवारी मैदान पांढरे झाले आणि खेळ झाला नाही. मुंबईचे फारुख इंजिनिअर त्या वर्षांत याच लँकशरचे यष्टिरक्षक. पाचच दिवसांनी, ७ जूनला, लॉर्ड्सवर पहिला विश्वचषक सुरू झाला आणि गावसकरांनी ६० षटकांत नाबाद ३६ काढल्या. (त्या खेळीचे खापर आजवर बऱ्याच गोष्टींवर फोडले गेले, हवेवर फोडता येणार नाही, तोवर ऊन आले होते.) बक्स्टन समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे, हे इथे महत्त्वाचे. आर्क्टिकची हवा थेट उत्तरेकडून आली आणि जोरदार सरींनी वरची थंडी खाली ओढून आणली.

त्यानंतर कोरडे महिने सुरू झाले, ते १९७६च्या दुष्काळापर्यंत. २३ जून ते ७ जुलै १९७६ असे सलग १५ दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा ३२ अंशांना पोचला. चेल्टनहॅमला ३ जुलैला ३५.९. ऑगस्टमध्ये डेनिस हॉवेल यांना दुष्काळाचे मंत्री नेमले आणि लगोलग पाऊस सुरू झाला. जूनचा बर्फ आणि हा उन्हाळा लोक नेहमी एका वर्षात घालतात. तुम्ही एक वर्षाचे अंतर ठेवा.

साल पक्के करताना हटकून फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ‘डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट’. जुन्या पिढीत “वीस डिग्री फ्रॉस्ट होता” असे म्हणतात. त्याचा अर्थ उणे वीस नव्हे. फॅरनहाइटमधल्या ३२ या गोठणबिंदूच्या खाली २० अंश, म्हणजे १२ फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे ११. खरे उणे वीस इंग्लंडमध्ये दुर्मीळ आहे. ते दिसते तेव्हा जमिनीवर ताजा बर्फ, निरभ्र रात्र, वारा शून्य आणि जागा खोलगट, अशा चारही गोष्टी जुळलेल्या असतात. बर्फ खालच्या मातीची ऊब अडवतो, पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडत राहतो, आणि जड झालेली हवा उतारावरून घरंगळत तळाला जमते. श्रॉपशरमधल्या न्यूपोर्टला १० जानेवारी १९८२ला नोंदलेले उणे २६.१ हा इंग्लंडचा नीचांक असाच आला. त्याच दिवशी स्कॉटलंडच्या ब्रेमारला उणे २७.२. हॅम्पशरच्या सेलबर्न गावी गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने डिसेंबर १७८४च्या थंडीत हेच टिपले होते: दरीतल्या त्याच्या पाऱ्यापेक्षा टेकडीवरच्या शेजाऱ्याचा पारा बराच वर. म्हणून आकडा लिहिताना घर उतारावर कुठे होते तेही विचारा.

दुसरी फसगत तारखेची. ब्रिटनमध्ये हवामानाचा दिवस सकाळी ९ ते ९ ग्रिनिच वेळेचा असतो. नऊला मोजलेला पाऊस आणि वाचलेले कमाल तापमान आदल्या दिवसाच्या नावावर जाते. किमान तापमान आणि बर्फाची खोली त्याच दिवसाच्या. सात तारखेच्या संध्याकाळी पडलेला बर्फ पावसाच्या रकान्यात सातला दिसेल आणि खोलीच्या रकान्यात आठला. आजोबांची डायरी आणि सरकारी नोंद यांत एका दिवसाची तफावत आली तर लगेच आजोबांना खोटे पाडू नका.

पडताळणीला हवामान खात्याचे जुने दैनिक आणि मासिक अहवाल स्कॅन करून ठेवलेले आहेत. ‘स्नो सर्व्हे ऑफ ग्रेट ब्रिटन’ हे तर डोंगराळ भागासाठी सोने आहे: निरीक्षक घरातून दिसणाऱ्या डोंगरावर किती उंचीपर्यंत बर्फ आहे ते रोज लिहीत. शाळांच्या हजेरी-दिनवह्यांमध्ये “वाटा बंद, मुले आली नाहीत” असे शेरे असतात, ते जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळतात. स्थानिक वर्तमानपत्र शेवटी बघा. तिथे ढिगाची उंची हीच बर्फाची खोली म्हणून छापलेली असते.

खिडकीला टेकलेल्या बर्फाचा उलगडाही तिथेच होतो. सपाट जागेवर ३० सेंटिमीटर पडलेला कोरडा बर्फ जोरदार वाऱ्यात भिंतीच्या आडोशाला दोन मीटर चढतो, आणि त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गवत उघडे पडते. दोन्ही बाजूंना कुंपण असलेली खोलगट गल्ली तर काठोकाठ भरते. म्हणून विचारा: कोणती खिडकी, तिचे तोंड कुठल्या दिशेला, वारा कुठून होता? पूर्वेच्या वाऱ्यात भिंतीच्या पश्चिमेला ढीग साचणे हे १९४७शी जुळते.

आता पडतो कधी आणि पाऊस होऊन का जातो, हे थोडे समजून घ्या, म्हणजे तुमच्या नोंदींना अर्थ येईल. ब्रिटन चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले आहे, त्यामुळे इथला बहुतेक बर्फ काठावर पास होणारा असतो. घरच्या हवामान यंत्रावर तापमान ३ आणि दवबिंदू उणे ३ असेल तर बर्फ पडू शकतो. तापमान २ आणि दवबिंदू १.५ असेल तर बहुधा पाऊसच. बघायचे असते ते ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे ओले कापड गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते. कोरड्या हवेतून पडताना बर्फाचा थोडा भाग उडून जातो आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतो, म्हणजे हवा आणखी गार होते. गोठणबिंदूच्या आसपास तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाचा साधारण ४० टक्के भाग तापमानातून वजा केला की ओल्या बल्बचा अंदाज मिळतो. पहिल्या उदाहरणात तो ०.६ येतो, दुसऱ्यात १.८. साधारण ०.५च्या खाली बर्फ, १.५च्या वर पाऊस, मध्ये स्लीट, म्हणजे दोन्हींची खिचडी. उंची वाढली की दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश कमी धरा. बक्स्टनला बर्फ आणि डर्बीला पाऊस, हे कोडे एवढ्याने सुटते.

अंदाजाच्या नकाशांवर लोक ‘५२८ची रेघ’ शोधतात. १००० आणि ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळ्यांमधले अंतर ५२८ डेकामीटरच्या खाली गेले की बर्फाची शक्यता, असा तो ठोकताळा. तो ढोबळ आहे. १००० ते ८५० हेक्टोपास्कलमधले अंतर जास्त कामाचे: १२९३ मीटरला निम्मी शक्यता, १२८१ला दहातली नऊ.

मग दिशा. समुद्राचे पाणी आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात १३ अंशांहून जास्त फरक असला की सरी उठतात, आणि वारा स्थिर असेल तर त्या एका ओळीत लागून तासन् तास एकाच पट्ट्यावर कोसळतात. पूर्वेच्या वाऱ्यात टेम्सच्या मुखावरून लंडन-केंटवर येणारी रांग म्हणजे ‘टेम्स स्ट्रीमर’. उत्तरेच्या वाऱ्यात आयरिश समुद्रातून खाली लोंबणारी ‘पेम्ब्रोकशर डँगलर’. वायव्येच्या वाऱ्यात वेल्सचे डोंगर आणि पेनाइन्सची डोंगररांग यांच्या फटीतून मिडलँड्सकडे सरी आणणारी ‘चेशर गॅप’ची रांग, तुम्हाला हीच भेटेल. दहा मैलांवरच्या मित्राकडे काहीच नाही आणि तुमच्याकडे दहा सेंटिमीटर, असे झाले तर यंत्राला दोष देऊ नका.

आता मोजणी. सामान थोडे लागते. १२ मिलीमीटर जाडीच्या प्लायवुडची ४० बाय ४० सेंटिमीटरची फळी, पांढरा ऑइलपेंट दिलेली, एक स्टीलची पट्टी, एक पर्जन्यमापक, आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. फळी गवताच्या पातळीत बसवा, जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. शेजारी बांबूची काठी रोवा, नाहीतर पहिल्या मोठ्या बर्फात फळी सापडत नाही. रंग पांढराच हवा. गडद फळी ढगाळ दिवशीही ऊब धरते आणि पहिला एक सेंटिमीटर गिळते. पट्टीचे शून्य अगदी टोकाला आहे ना, ते बघा. शाळेच्या पट्टीला टोकाशी पाचेक मिलीमीटरचा कोरा भाग असतो. तेवढी खोली दर वेळी कमी भरते. तो भाग कापून टाका.

वेळ सकाळी ९ ग्रिनिच. मार्चअखेर घड्याळे पुढे गेली की ती दहाची होते. एप्रिलच्या बर्फात नेमकी इथेच चूक होते. आधी नजर फिरवा: समोरची निम्म्याहून जास्त जमीन पांढरी असेल तर त्या दिवशी ‘बर्फ टिकून आहे’ असे लिहायचे, नसेल तर नाही. मग ढीग आणि उघड्या जागा टाळून तीन ते पाच ठिकाणी पट्टी सरळ खाली घाला, सरासरी काढा, पूर्ण सेंटिमीटरमध्ये लिहा. अर्ध्या सेंटिमीटरहून कमी असेल तर ‘लवलेश’. गवतात मोजताना पट्टी पात्यांमधून मातीपर्यंत जाते आणि बर्फ मात्र पात्यांच्या टोकांवर तरंगत असतो, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर फुकट वाढतात. फळी असते ती त्यासाठी. गाडीचे छप्पर, कचऱ्याच्या डब्याचे झाकण, बागेतले टेबल या जागा छायाचित्राला छान, नोंदीला निरुपयोगी.

चोवीस तासांतला नवा बर्फ हवा असेल तर फळीवरचा मोजून फळी पुसा आणि परत बर्फाच्या वर ठेवा, त्याच पातळीत. जुन्या खड्ड्यात ठेवली तर कडांवरचा बर्फ आत ढासळतो. हेही लक्षात असू द्या की बर्फ बसतो. रात्री अकराला दहा सेंटिमीटर असलेला थर सकाळी नऊला सात भरतो. दोन्ही आकडे खरे. वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही कुचकामी.

पाण्याचे माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. ब्रिटनचा मान्य पर्जन्यमापक तांब्याचा, पाच इंची, म्हणजे १२७ मिलीमीटर व्यासाचा, कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १२६.७ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलीमीटर पावसाचे वजन १२.७ ग्रॅम. चार इंची प्लॅस्टिकचा असेल तर ८.१ ग्रॅम. बर्फाची चाहूल लागली की प्लॅस्टिकच्या मापकातली आतली नळी आणि नरसाळे काढून घ्या. नळीत पाणी गोठले की ती तडकते, आणि नरसाळ्यावर बर्फाची टोपी बसून वरचा वाऱ्याने उडून जातो. सकाळी बाहेरचे भांडे आत आणा, बाहेरून कोरडे पुसा, झाकण ठेवून खोलीच्या उबेत वितळू द्या. रेडिएटरवर ठेवू नका, वाफ होऊन माप घटते. घाई असेल तर मोजून १० मिलीमीटर कोमट पाणी घाला आणि शेवटी तेवढे वजा करा. काचेच्या भांड्यात उकळते पाणी ओतणारे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी निघतातच.

वारा असेल तर मापकात बर्फ कमी पडतो, कधी निम्माच. अशा वेळी मापकाचे रिकामे भांडे उलटे करून फळीवरच्या सपाट थरात दाबा, खाली पत्रा सरकवा, उचला, वितळवा, वजन करा. समजा थर ८ सेंटिमीटर आणि पाणी १०१ ग्रॅम. पाच इंची भांड्यात ते झाले ८ मिलीमीटर. म्हणजे दहास एक, हे नेहमीचे प्रमाण. त्याच जाडीचे २०० ग्रॅम भरले तर सुमारे पाचास एक: ओला, जड, तारा तोडणारा बर्फ. ५० ग्रॅम भरले तर वीसास एक: कोरडी भुकटी. १ मिलीमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो, त्यामुळे काचघराच्या किंवा गाडीच्या मांडवाच्या छपरावर किती भार आला तेही लगेच कळते.

फेब्रुवारी १९९१मध्ये रेल्वेच्या अधिकाऱ्याने बर्फ ‘वेगळ्या प्रकारचा’ असल्याचे सांगितले आणि वर्तमानपत्रांनी ‘चुकीच्या जातीचा बर्फ’ म्हणून त्याची टर उडवली. ती थट्टा अजून चालते. पण मुद्दा खरा होता: तो वीसास एकच्या जातीचा, पिठासारखा बर्फ होता, आणि विजेच्या गाड्यांच्या मोटरींना हवा देणाऱ्या जाळ्यांतून आत शिरला. ब्रिटनचा नेहमीचा ओला बर्फ तिथेच चिकटून राहतो.

नोंदवहीत प्रकार लिहा. साबुदाण्यासारखे पांढरे, बोटाने चिरडणारे दाणे म्हणजे ग्राउपेल. ते सरींतून येतात आणि त्यांना गारा म्हणू नये. पारदर्शक कठीण गोळ्या म्हणजे वर वितळून खाली पुन्हा गोठलेला पाऊस. तापमापक सावलीच्या जाळीदार पेटीत, गवतावर, १.२५ मीटर उंचीवर हवा. भिंतीला टांगलेला तापमापक निरभ्र रात्री दोन-तीन अंश जास्त दाखवतो, आणि गाडीच्या पॅनेलवरचा आकडा नोंदीत घालूच नका.

अलीकडचे काही हंगाम तुलनेला हाताशी ठेवा, म्हणजे “हल्ली पडतच नाही” या वाक्याचेही वजन करता येईल. डिसेंबर २०१०चे सीईटी उणे ०.७, १८९०नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर. त्या नाताळच्या सकाळी ८३ टक्के केंद्रांवर जमीन पांढरी होती. (अधिकृत ‘व्हाइट ख्रिसमस’ला मात्र जमीन पांढरी लागत नाही, २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत एक कण पडताना दिसला की पुरे. पैजवाल्यांची सोय.) पाचच वर्षांनी, डिसेंबर २०१५चे सीईटी ९.७च्या आसपास, मालिकेतला सर्वांत उबदार. मार्च २०१३चे २.७, म्हणजे आधीच्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तिघांहून थंड. वसंत हिवाळ्याहून गार असण्याची इतकी स्वच्छ उदाहरणे थोडीच. २०१८च्या फेब्रुवारीत सुमारे १२ तारखेला ध्रुवावरच्या स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, अचानक ऊब आली, तिथला थंड वाऱ्यांचा भोवरा फुटला आणि दोन आठवड्यांनी ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ नावाची पूर्वेची कडाक्याची थंडी येऊन धडकली. १ मार्चला वेल्समधल्या ट्रेडीगरला दिवसाचे कमाल तापमान उणे ४.७. आणि त्याच वर्षी १९ एप्रिलला लंडनमध्ये २९.१ अंश.

उशिराच्या बर्फालाही परंपरा आहे. २५ एप्रिल १९०८च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये भर वसंतात मोठा बर्फ पडला, आणि ऑक्सफर्डला सुमारे ४३ सेंटिमीटर साचला. लवकरचा हवा असेल तर २८ ऑक्टोबर २००८ला लंडन पांढरे झाले, नेमके संसदेत हवामान बदलाचे विधेयक चर्चेला असताना. म्हणून फळी ऑक्टोबरच्या मध्यावर बसवा आणि मेपर्यंत काढू नका.

आजोबांची बैठक लिहिताना प्रत्येक आठवणीला चार रकाने ठेवा: जागा, त्या दिवशी काय करत होते, स्वतः पाहिले की ऐकले, आणि तुम्ही नंतर काढलेली तारीख. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरा. जमले तर त्यांना त्या जुन्या घरापाशी घेऊन जा, बर्फ कुठवर होता ते हाताने दाखवायला सांगा, आणि तिथपासून जमिनीपर्यंत टेप लावा. भिंतीचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर बघून त्याच ओळीत लिहा.